शेतातला बैल पटावर आला, पण पटावरचा बैल शेतात परत का गेला नाही?

दसरा झाला की परळी तालुक्यातल्या गावागावांत एकच लगबग सुरू होते. कोयत्यांना धार लावली जाते, ताडपत्री, भांडी, बाजरीचं पीठ बांधलं जातं. बैल, गाडी आणि अख्खा संसार ट्रकमध्ये चढतो आणि पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतो. पुढचे पाच-सहा महिने ती बैलजोडी उसाने भरलेली गाडी ओढत असते.

त्याच थंडीच्या दिवसांत राज्यातल्या दुसऱ्या एखाद्या माळावर पिकअप टेम्पोमधून एक बैल उतरतो. अंगावर झूल, सोबत चार-पाच पोरं, समोर मोबाईलचे कॅमेरे. त्याचं इन्स्टाग्रामवर पेज असतं. त्याची किंमत विचारली तर आकडा लाखात सांगितला जातो. त्याने आयुष्यात एकदाही नांगर ओढलेला नसतो.

दोघंही बैलच. पण आज एकाचा दुसऱ्याशी काही संबंध उरलेला नाही.

गंमत म्हणजे ज्या खेळामुळे दुसऱ्या बैलाला एवढा भाव आला, तो खेळ सुरू झाला होता पहिल्या बैलासाठी. त्या खेळाला मराठवाड्यात आणि विदर्भात म्हणतात शंकरपट. हा पट कसा चालतो, त्यावर बारा वर्षं कोर्टात काय काय झालं आणि तो परत आला तेव्हा नेमकं काय बदललेलं होतं, हेच आज बघू. मध्ये थोडं अमेरिकेतही जाऊन येऊ. कारण तिथल्या छोट्या गावांत मोटारींच्या शर्यतीचं अगदी हेच झालंय.

शंकरपट म्हणजे नेमकं काय?

पट म्हणजे धावपट्टी. महादेवाचं वाहन नंदी, म्हणून या बैलांच्या शर्यतीला शंकराचं नाव जोडलं गेलं, असं सांगितलं जातं. ज्योतिर्लिंगाच्या गावात राहणाऱ्या परळीकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मांडणी एकदम साधी. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात सरळ पट्टा आखायचा. खडे, धोंडे वेचायचे, जमीन सारखी करायची. एक हलकी छकडी, तिला दोन बैल आणि वर एकच माणूस, तो म्हणजे धुरकरी. इशारा झाला की जोडी सुटते आणि समोरची रेष ओलांडली की घड्याळ थांबतं. सगळा खेळ काही सेकंदांचा. कधी एकच जोडी वेळेवर पळवतात, कधी शेजारी शेजारी दोन पट्टे आखून दोन जोड्या एकदम सोडतात. पूर्वी हातात स्टॉपवॉच धरून माणूस उभा असायचा, आता मोठ्या पटांवर सेन्सर आणि कॅमेरे लागतात. कारण पहिल्या आणि दुसऱ्या नंबरमधला फरक सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजावा लागतो.

पट भरायचा तो साधारण संक्रांत ते महाशिवरात्री या काळात. यामागे शेतीचं गणित होतं. खरीप घरात आलेलं असायचं, रब्बी उभी असायची, बैलाला जरा उसंत असायची. गावात यात्रा असायची, पाव्हणे यायचे, बाजार भरायचा. विदर्भाच्या पूर्वेकडे झाडीपट्टीत तर दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडीच ठरलेली. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट याच काळातला. तिथे महिला धुरकरी जोड्या हाकतात आणि ते बघायला वेगळी गर्दी होते.

पण पटाचा खरा उपयोग करमणुकीच्या पलीकडचा होता. तो बैलांच्या बाजाराचा भाग होता. जोडी कशी चालते, जू सारखं पेलते का, एक बैल दुसऱ्याला ओढत तर नाही ना, कासऱ्याला ऐकते का, हे सगळं चार लोकांसमोर दिसायचं. पटात नंबर काढलेल्या जोडीला बाजारात भाव मिळायचा. आणि दुसऱ्या आठवड्यात तीच जोडी परत मोटेला, नांगराला किंवा गाडीला जुंपलेली असायची.

म्हणजे पटावर पळणारा बैल हा कामाचाच बैल होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावरच आहे.

एकच खेळ, पण प्रत्येक भागात वेगळा

बैलांची शर्यत म्हटलं की सोशल मीडियावर सगळे व्हिडीओ एकसारखे वाटतात. पण महाराष्ट्रात हा खेळ भागानुसार बदलतो.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यात शर्यत होते ती ‘घाटा’त. घाट म्हणजे चढाची पट्टी. गाड्याला चार बैल असतात आणि सगळ्यात पुढे घोडी पळते, तिच्यावर स्वार. प्रत्येक गाड्याच्या एका धावेला म्हणतात बारी. सगळ्यात कमी सेकंदांत वर पोहोचणारा ठरतो घाटाचा राजा. बातम्यांच्या मथळ्यात दिसणारं ‘भिर्रर्र’ हे याच घाटातून आलेलं.

सातारा, सांगली, सोलापूर भागात सपाट मैदानावर छकडे पळतात. इथे घड्याळापेक्षा समोरासमोरची लढत महत्त्वाची. आखलेल्या पट्ट्यांत पाच-सहा छकडे एकदम सुटतात. आधी गट, मग सेमीफायनल, मग फायनल. बैलांच्या दातांवरून वर्गही पडतात. दात न लावलेला तो आदत, दोन दातांचा दुसा, चार दातांचा चौसा. साताऱ्यातल्या पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतली शर्यत या भागात सगळ्यात मानाच्या शर्यतींपैकी एक.

आणि रायगडमध्ये अलिबाग, मुरूडकडे शर्यत होते थेट समुद्रकिनाऱ्यावर. ओहोटी लागली, वाळू घट्ट झाली की गाड्या सुटतात.

हा किनाऱ्याचा मुद्दा डोक्यात ठेवून आता जरा सात समुद्रापार जाऊ.

अमेरिकेतल्या खेडेगावांचा ‘पट’

अमेरिकेत मोटारींच्या शर्यतीचा एक प्रकार आहे, स्टॉक कार रेसिंग. स्टॉक म्हणजे दुकानात विकायला ठेवलेली गाडी. तुम्ही-आम्ही शोरूममधून घेतो तशीच, खास शर्यतीसाठी न बनवलेली. फॉर्म्युला वनची गाडी रस्त्यावर कधी दिसणार नाही. स्टॉक कार मात्र मुळात घरची गाडी होती.

हा खेळ वाढला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यांत आणि त्याची एक मुळी थेट हातभट्टीपर्यंत जाते. डोंगराळ भागातले लोक चोरून दारू गाळायचे आणि रात्री गाडीत भरून शहरात पोहोचवायचे. पोलीस आणि कर खात्याच्या लोकांना गुंगारा द्यायचा तर गाडी बाहेरून साधी दिसायला हवी आणि आतून तेज पळायला हवी. मग या पोरांची आपसात पैज लागायची, कोणाची गाडी जास्त पळते? कुणाच्या तरी शेतात गोल चक्कर आखली जायची आणि शर्यत सुरू.

फ्लोरिडातल्या डेटोना गावात तर शर्यत चक्क समुद्राच्या वाळूवर व्हायची. अर्धा पट्टा किनाऱ्यावर, अर्धा शेजारच्या रस्त्यावर. अगदी अलिबागसारखं. ही किनाऱ्यावरची शर्यत १९५८ पर्यंत चालली, १९५९ पासून तिथे मोठा ट्रॅक झाला.

याच डेटोनातून बिल फ्रान्स नावाच्या माणसाने १९४८ मध्ये नॅसकार ही संघटना उभी केली. १९ जून १९४९ ला शार्लट शहरात ‘फक्त स्टॉक गाड्यां’ची पहिली शर्यत झाली. नियम एकच, गाडीत फेरफार चालणार नाही. आणि पहिल्याच शर्यतीत राडा झाला. पहिल्या आलेल्या गाडीची तपासणी केली तर मागच्या स्प्रिंगमध्ये बदल केलेला निघाला. ती गाडी दारू वाहण्यासाठी तयार केलेली होती. विजेता बाद झाला आणि नंबर दोनवाल्याला बक्षीस गेलं.

या शर्यती छोट्या गावांत ज्या ट्रॅकवर होतात त्याला म्हणतात शॉर्ट ट्रॅक. एक मैलाहून, म्हणजे साधारण १.६ किलोमीटरहून छोटा असलेला ट्रॅक. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विन्स्टन-सेलम शहरात तर फुटबॉलच्या मैदानाभोवतीच पाव मैलाचा ट्रॅक आहे आणि तिथे १९४९ पासून नॅसकारच्या शर्यती होतात. शनिवारची रात्र, गावातला गॅरेजवाला, शेतकरी, दुकानदार यांच्या गाड्या, आधी छोट्या फेऱ्या आणि शेवटी मोठी शर्यत. आपल्या सांगलीतलं गट, सेमी, फायनल आठवलं ना?

आता एक गाव घेऊ. नॉर्थ विल्क्सबरो. वस्ती जेमतेम चार-साडेचार हजार. तिथे १९४७ मध्ये एक किलोमीटरभर लांबीचा ट्रॅक झाला. हा परिसर हातभट्टीसाठी प्रसिद्ध होता आणि ज्युनियर जॉन्सन नावाचा नॅसकारचा मोठा ड्रायव्हर इथलाच, दारूच्या प्रकरणात तुरुंगात जाऊन आलेला. जवळपास पन्नास वर्षं या गावात देशातल्या सगळ्यात मोठ्या मालिकेची शर्यत होत राहिली.

पुढे खेळात टीव्हीचा आणि जाहिरातींचा पैसा आला. मोठ्या शहरांत मोठे ट्रॅक बांधणाऱ्यांना शर्यतीच्या तारखा हव्या होत्या. त्यांनी या गावचा ट्रॅकच विकत घेतला आणि वर्षातल्या त्याच्या दोन तारखा टेक्सास आणि न्यू हॅम्पशायरच्या मोठ्या ट्रॅककडे नेल्या. २९ सप्टेंबर १९९६ ला तिथे शेवटची मोठी शर्यत झाली. नंतर मधला थोडा काळ सोडला तर खुर्च्यांमधून झाडं उगवली.

शर्यत परत आली २१ मे २०२३ ला. सत्तावीस वर्षांनी. राज्य सरकारने कोरोनानंतरच्या मदतनिधीतून १ कोटी ८० लाख डॉलर दिले, ट्रॅक दुरुस्त झाला आणि तिथे नॅसकारची ऑल-स्टार शर्यत भरली.

त्याच्या बरोबर तीन दिवस आधी, १८ मे २०२३ ला, दिल्लीत सुप्रीम कोर्टाने आपल्या बैलगाडा शर्यतीचा शेवटचा निकाल दिला होता. हा निव्वळ योगायोग. पण दोन्ही गोष्टींतला सारखेपणा तारखेपुरता नाही. तिकडे परत आलेली शर्यत आणि इकडे परत आलेली शर्यत, दोन्ही आधीच्या राहिल्या नव्हत्या.

२०११ ते २०२३ : कोर्टातली बारा वर्षं

हा भाग बऱ्याच जणांचा गोंधळ उडवतो. म्हणून क्रमाने घेऊ.

२०११ : प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्यात एक कलम आहे, केंद्र सरकारने यादीत टाकलेल्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत. यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकड वगैरे होते. ११ जुलै २०११ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने त्यात ‘बैल’ जोडला. एका शब्दाने महाराष्ट्रातल्या सगळ्या शर्यती अडचणीत आल्या.

२०१४ : ७ मे ला सुप्रीम कोर्टाने तामिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातली बैलगाडा शर्यत दोन्हींवर बंदी घातली. कोर्टाचं म्हणणं असं की बैलाच्या शरीराची ठेवण घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, तो वेदना आणि भीतीपोटी पळतो.

२०१६ : ७ जानेवारीला केंद्राने नवी अधिसूचना काढून काही राज्यांत शर्यतींना परवानगी दिली. १२ जानेवारीला, म्हणजे पाचच दिवसांत, सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली.

२०१७ : जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी लाखो लोक जमले. तामिळनाडूने स्वतःपुरता कायदा बदलला. प्राण्यांवरची क्रूरता रोखणं हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्यही त्यावर कायदा करू शकतं, फक्त राष्ट्रपतींची संमती लागते. महाराष्ट्रानेही हाच मार्ग घेतला. पण ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने शर्यतींना परवानगी देण्यापासून सरकारला रोखलं.

२०१८ : सगळं प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाकडे गेलं. तामिळनाडू आणि कर्नाटकात त्यांच्या कायद्याखाली खेळ सुरू राहिले, महाराष्ट्रात मात्र बंदच. गावाकडे राग होता तो या फरकाचा.

२०२१ : २० ऑगस्टला सांगलीतल्या आटपाडी तालुक्यात झरे गावच्या परिसरात आमदार गोपीचंद पडळकर यांनी बंदी असताना शर्यत घ्यायचं जाहीर केलं. आजूबाजूच्या गावांत संचारबंदी लागली, पोलीस आले, तरी पहाटेच्या अंधारात माळावर गाड्या पळाल्या. १६ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रालाही अटींसह परवानगी दिली.

२०२३ : १८ मे ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. हा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवायचं काम विधिमंडळाचं, असं कोर्टाने सांगितलं. प्राण्यांना माणसासारखे मूलभूत हक्क देण्याचा दाखला आपल्याकडे नाही, हेही सांगितलं. पण सोबत एक अट ठेवली, कायद्यात आणि नियमांत लिहिलेलं सगळं काटेकोर पाळलं गेलं पाहिजे आणि ती जबाबदारी प्रशासनाची.

नियम काय आहेत? जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी, पट्टा एक हजार मीटरपेक्षा लांब नको, बैलाची पशुवैद्यकीय तपासणी, काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांना मनाई. बैलाला इजा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड.

बंदी मागणाऱ्यांचं काही चुकलं होतं का?

‘आमच्या परंपरेत शहरातल्यांनी नाक खुपसलं’ असं म्हणून हा विषय संपवता येत नाही. कोर्टासमोर जे आलं होतं ते खरंच वाईट होतं. शेपूट पिरगाळणं, शेपटीला चावणं, खिळा लावलेल्या काठीने टोचणं, बॅटरीचा शॉक देणं. आणि हे सगळीकडे होत नसलं तरी होत होतं, हे शर्यतीला जाणाऱ्या कुणालाही माहीत आहे. बैल बिथरून गर्दीत घुसल्याच्या घटनाही घडतात. बघायला आलेला माणूस घरी परत जात नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. जो माणूस बैलाला पोराआधी चारतो, पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळतो, त्याला ‘क्रूर’ म्हटलं की तो दुखावणारच. त्याच्या डोक्यात साधा प्रश्न होता, घोड्यांच्या शर्यती मुंबई-पुण्यात चालतात, मग आमच्याच का बंद?

कोर्टाने घोडा आणि बैल यांच्यातला फरक शरीराच्या ठेवणीवरून सांगितला. गावाने तो फरक पैशावरून समजून घेतला. दोघं एकमेकांची भाषा बोलतच नव्हते.

बंदीच्या काळात शेतात काय झालं?

बारा वर्षं सगळ्यांचं लक्ष कोर्टाकडे होतं. पण खरा बदल रानात होत होता.

देशात दर काही वर्षांनी पशुगणना होते. २०१२ च्या गणनेत देशात गोवंशातले नर, म्हणजे वळू, बैल, गोऱ्हे मिळून, साधारण ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ च्या गणनेत ते ४ कोटी ७४ लाखांवर आले. सात वर्षांत तीस टक्के घट. याच काळात गायींची संख्या १८ टक्क्यांनी वाढली. म्हणजे गाय दुधासाठी राहिली, बैल गेला.

कारण उघड आहे. ट्रॅक्टर. दोन दिवसांची नांगरट दोन तासांत होते. बैलाला वर्षभर चारा लागतो, ट्रॅक्टरला फक्त चालवताना डिझेल. बीडसारख्या जिल्ह्यात दुष्काळ पडला की सगळ्यात आधी दावणीकडे बघावं लागतं. छावण्यांमध्ये दिवस काढलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही.

त्यात २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. तो कायदा बरोबर की चूक हा वेगळा वाद. पण शेतकऱ्याच्या हिशोबात काय झालं ते बघा. म्हातारा बैल विकता येत नाही. शर्यत बंद, त्यामुळे तरण्या बैलाला भाव नाही. शेतात ट्रॅक्टर, त्यामुळे काम नाही. गोऱ्हा जन्मला की त्याचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला.

म्हणून ‘शर्यत सुरू झाली तर देशी बैल वाचेल’ हा युक्तिवाद जोर धरत गेला. खिल्लारसारख्या चपळ जातींसाठी तो काही प्रमाणात खराही होता. पण सगळ्या बैलांसाठी खरा होता का?

परत आलेली शर्यत कोणाची?

बंदी उठल्यावर शर्यत नुसती परत आली नाही, ती फुगून आली. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत भरलेल्या शर्यतीत पहिलं बक्षीस होतं जेसीबी. २०२३ मध्ये सांगलीतल्या भाळवणीत पैलवान चंद्रहार पाटील यांनी भरवलेल्या शर्यतीचं पहिलं बक्षीस होतं थार. शर्यती यूट्यूबवर लाईव्ह जाऊ लागल्या. बकासुर, मथुर, महिब्या ही नावं ज्याने कधी शर्यत पाहिली नाही त्यालाही रील्समुळे माहीत झाली.

यात चांगलं बरंच काही आहे. मैदान आखणारे, छकडे बनवणारे सुतार, बैल फिरवणारे टेम्पोवाले, निवेदक, कॅमेरावाले, चहा-वड्याचे गाडे, सगळ्यांना काम मिळालं. खिल्लार गोऱ्ह्याला किंमत आली. गावातल्या पोराला आपल्या गोठ्याचा अभिमान वाटू लागला.

पण आता जिंकणारा बैल वेगळा आहे. त्याला दूध, अंडी, उडीद, खपली गव्हाचं पीठ असा खुराक लागतो. पोहायला न्यावं लागतं, रोजचा सराव लागतो, सांभाळायला माणसं लागतात. तो नांगराला जुंपला तर त्याची चाल मोडेल, म्हणून त्याला कुणी शेतात नेत नाही. छोटा शेतकरी चांगलं वासरू ओळखू शकतो, वाढवू शकतो. पण ते पळायला लागलं की मोठा मालक येतो, लाखांची बोली लावतो आणि घेऊन जातो. शेतकरी ते विकतो आणि त्यात त्याचं काही चूक नाही.

अमेरिकेत हेच झालं. १९४९ ला ‘फक्त स्टॉक’ म्हणून सुरू झालेल्या खेळातली आजची गाडी शोरूममधल्या गाडीसारखी फक्त दिसते. आतली चौकट, चाकं, भाग सगळं ठरावीक कंपन्यांनी फक्त शर्यतीसाठी बनवलेलं. नाव तेवढं स्टॉक कार राहिलं. आपल्याकडेही नाव तेवढं बैलगाडा राहिलं.

आता मराठवाड्याचा विचार करा. आमच्या भागातले बैल म्हणजे लाल कंधारी आणि देवणी. कंधार नांदेड जिल्ह्यात, देवणी लातूर जिल्ह्यात, त्या गावांवरून या जातींची नावं पडली. हे ओढकामाचे बैल. उन्हात टिकणारे, कमी चाऱ्यावर निभावून नेणारे, जड काम करणारे. सेकंदाच्या शर्यतीत खिल्लारच्या पुढे यांचा टिकाव लागणं अवघड. म्हणजे शर्यतीमुळे बैल वाचेल हे खरं मानलं, तरी तो बैल परळीचा असेलच असं नाही.

आणि परळीच्या बैलाचं काय?

आता सुरुवातीच्या त्या पहिल्या बैलाकडे परत येऊ. उसाच्या गाडीला जुंपलेल्या.

१९६५ पासून केंद्राचे नियम आहेत, ओझं ओढणाऱ्या जनावरांसाठी. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको. पाच तासांपेक्षा जास्त सलग काम नको. आणि जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावराला जुंपायचं नाही. गाडीत किती वजन भरायचं त्याचीही मर्यादा आहे.

मार्च महिन्यात, हंगामाच्या शेवटी, दुपारी एक वाजता कारखान्याच्या रस्त्याला उभं राहून बघा. गाडी चढावर आहे, ऊस वरपर्यंत रचलाय, बैलाचे पुढचे पाय मुडपलेत आणि कासरा धरणारी बाई स्वतः पहाटे तीनपासून फडात आहे. तिच्यावर राग काढून उपयोग नाही. तिने मुकादमाकडून उचल घेतलीय आणि ती टनावर फिटते. जेवढं वजन जास्त, तेवढी उचल लवकर फिटणार. तिथे बैल आणि माणूस एकाच जुवाखाली आहेत.

शर्यतीतल्या बैलाच्या काही सेकंदांवर बारा वर्षं देशातल्या सर्वोच्च कोर्टात चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण उसाच्या गाडीतल्या बैलाच्या पाच महिन्यांवर नियम आधीपासून असूनही चर्चा होत नाही. कारण तिथे बघायला कुणी तिकीट काढून येत नाही आणि तिथला व्हिडीओ व्हायरल होत नाही.

मग करता काय येईल?

अमेरिकेतल्या छोट्या ट्रॅकवाल्यांना हा प्रश्न आधी पडला होता. गाड्या महाग होत गेल्या आणि गावातला गॅरेजवाला शर्यतीतून बाहेर पडू लागला. तेव्हा त्यांनी दोन गोष्टी केल्या.

एक, स्ट्रीट स्टॉकसारखे स्वस्त गाड्यांचे वेगळे वर्ग ठेवले. मोठ्या गाड्यांशी त्यांची तुलनाच नाही, त्यांची शर्यत त्यांच्यातच.

दुसरी गोष्ट भारी आहे. काही ट्रॅकवर नियम केला की शर्यत संपल्यावर दुसरा स्पर्धक ठरलेली किंमत मोजून जिंकलेल्याचं इंजिन मागू शकतो आणि ते द्यावंच लागतं. म्हणजे इंजिनवर कोणी दहापट खर्च केला, तर ते ठरलेल्या स्वस्त किमतीत हातचं जाणार. खर्च आपोआप आवरला.

बैलाच्या बाबतीत दुसरा नियम चालणार नाही. बैल इंजिन नाही आणि मालक तो असा देणारही नाही. पण पहिला नियम आपल्याला नवा नाही. अनेक पटांवर स्थानिक जोड्यांचा वेगळा गट असतो. फक्त त्याचं बक्षीस छोटं असतं आणि त्याची वेळ असते भर उन्हातली, जेव्हा मंडप रिकामा असतो. हाच गट मोठा केला तर? जी जोडी वर्षभर शेतात काम करते, जिचा मालक त्याच तालुक्यातला आहे, अशा जोड्यांचा गट. लाल कंधारी आणि देवणीचा वेगळा गट. आणि फक्त सेकंद न मोजता जुन्या पटासारखं जोडीची चाल, जुवाखालचा मेळ, कासऱ्याला ऐकणं यालाही गुण.

यासाठी कोर्टात जायची गरज नाही, कायदा बदलायची गरज नाही. पट भरवणाऱ्या गावाने ठरवलं की झालं. थारच्या किमतीत असे कितीतरी गट भरवता येतील.

बैल वाचवायचा म्हणून शर्यत हवी, असं आपण बारा वर्षं कोर्टाला सांगत होतो. शर्यत आता मिळाली आहे. मग वाचणाऱ्या बैलांत दसऱ्यानंतर परळीतून ट्रकमध्ये चढणारी ती जोडीही असावी, एवढीच अपेक्षा आहे. पट मुळात तिच्यासाठीच आखला होता.